शेवटच्या डब्याचा दिवा

सप्टेंबर सरत आला होता. पुण्यातल्या एका थिएटरात दुपारच्या खेळाला मी ‘साबर बोंडं’ बघायला गेले होते. सिनेमा संपला, पडदा काळा झाला, नावं वर सरकायला लागली आणि त्याच क्षणी डोक्यावरचे सगळे दिवे लागले. बाजूचं दार उघडलं. बाहेरच्या पॉपकॉर्नचा खारट वास आत आला आणि त्याच्या पाठोपाठ केरसुणी नि मोठी काळी पिशवी घेतलेला एक मुलगा आला. आम्ही सगळे मिळून नऊ जण होतो. आठ उठून गेले. मी बसून राहिले, कारण मला एक नाव वाचायचं होतं. पावणेदोन तासांच्या त्या सिनेमात पार्श्वसंगीताचा एक सूर नाही. कुठे भांडं खाली ठेवल्याचा आवाज येतो, शेळ्या ओरडतात, बायका हलक्या आवाजात बोलत असतात आणि मधे मधे नुसतं गाव ऐकू येतं, भर दुपारचं. ते गाव कुणी कान देऊन ऐकलं होतं आणि माझ्यापर्यंत आणून पोचवलं होतं, त्याचं नाव मला हवं होतं. पण त्या उजेडात पडद्यावरची अक्षरं गढूळ पाण्यात बुडाल्यासारखी दिसायला लागली. मी डोळे बारीक करून बघत होते. मुलगा झाडत झाडत माझ्या रांगेपर्यंत आला, थांबला आणि अदबीनं म्हणाला, “मॅडम, संपला पिक्चर.”

संपला नव्हता.

मी उठले. त्या मुलावर माझा राग नव्हता. पुढचा खेळ लागायच्या आत त्याला सगळ्या रांगा झाडून काढायच्या होत्या, आणि एका बाईसाठी त्याचं काम अडून राहिलं असतं. पण रिक्षात बसल्यावर ते तीन शब्द सोबत आले. घरी येऊन कुकर लावला तरी ते होतेच. रात्री वही काढली, तारीख घातली, सिनेमाचं नाव लिहिलं, तिकिटाची रक्कम लिहिली आणि शेवटच्या रकान्याशी येऊन पेन थांबलं. तो रकाना मला कोरा सोडावा लागला. ही वही आप्पांची आहे, आणि त्या रकान्यात काय लिहायचं याचा नियमही आप्पांचाच.

आप्पा मनमाडला रेल्वेत केबिनमन होते. सिग्नलचे लिव्हर ओढून ओढून त्यांचे तळहात असे झाले होते की आम्हा मुलांच्या गालावरून हात फिरवला तर खरखरीत लागायचा, आणि आम्हाला तो तसाच आवडायचा. गाडी आली की सगळं जग इंजिनाकडे बघतं. आप्पा शेवटच्या डब्याकडे बघायचे. डब्याच्या पाठीवरची ती मोठी फुली, एलव्हीची, म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’ची, छोटी पाटी आणि रात्री लाल दिवा. तो दिवा डोळ्यांनी दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली. मधेच एखादा डबा सुटून रुळावर अंधारात उभा राहिलेला नाही. मग तसं कळवायचं आणि मगच मागच्या गाडीला वाट मोकळी व्हायची. लहानपणी एकदा आईबरोबर डबा घेऊन केबिनवर गेले होते. मालगाडी जात होती. मी वाघिणी मोजत होते आणि साठाच्या आसपास कुठेतरी माझी मोजणी चुकली. आप्पांनी माझ्याकडे न बघता, बाहेर नजर ठेवूनच सांगितलं, “मोजू नको. शेवटचा बघ.”

सिनेमाचंही त्यांचं तसंच. पूर्वी नावं सुरुवातीला यायची, म्हणून आप्पांना अर्धा तास आधी जाऊन बसायचं असायचं. चांदवडच्या रेणुकेच्या यात्रेतला तंबू असो की नाशकातलं थिएटर, नावं चुकता कामा नयेत. पुढे जमाना बदलला, नावं शेवटी गेली, तेव्हा आप्पा शेवटी थांबायला लागले. लोक दाराकडे लोटायचे, खुर्च्या धाडधाड मिटायच्या, आणि आम्ही तिघं भावंडं आप्पांच्या शेजारी उभी. ते ओठ हलवत नावं वाचायचे. त्यांना इंग्रजी सावकाश वाचता यायचं, त्यामुळे एक ओळ वाचून होईपर्यंत पुढच्या चार निघून गेलेल्या असत. तरी थांबायचे. वहीत तारीख, सिनेमा, गाव, तिकीट असे रकाने होते आणि पाचवा रकाना शेऱ्याचा. त्यात एकच शब्द: पूर्ण. कधी ड्यूटीमुळे उशीर झाला, नावं निघून गेली, तर सिनेमा कितीही आवडलेला असो, शेरा कोरा.

वर्ष संपलं की आप्पा त्याच वहीत एक पान राखून ठेवायचे. वर लाल शाईत ‘यंदाचं उत्तम’. त्याखालच्या नोंदी वर्तमानपत्रांतल्या पुरस्कारांच्या यादीसारख्या नसत. १९७२च्या पानावर ‘पिंजरा’समोर लिहिलंय, ‘उत्तम पडझड : मास्तर’. १९७७च्या पानावर ‘जैत रे जैत’समोर ‘उत्तम डोंगर’. कुठे ‘उत्तम पाऊस’, कुठे ‘उत्तम गप्प बसणं’. उत्तम चित्रपट असं त्यांनी चाळीसेक वर्षांत एकदाही लिहिलेलं नाही. कॉलेजात असताना मी त्यावरून त्यांच्याशी वाद घातला होता. मला तेव्हा क्रमवारी लावायची भारी हौस, पहिला कोण, दुसरा कोण. आप्पा म्हणाले, “गाडी कुणा एकाची नसते गं. कुठला डबा आवडला ते सांग. डब्यात कोण बसलं होतं ते सांग.”

२०१९ साली आप्पा गेले. भावानं त्यांचं घड्याळ घेतलं, मी वही मागून घेतली. तेव्हापासून मी लिहिते. आता डिसेंबरची शेवटची रात्र आहे, लाल शाईचं पेन शोधून काढलंय आणि २०२५चं पान समोर आहे.

पहिली नोंद मार्चमधली. ‘स्थळ’, दिग्दर्शक जयंत दिगंबर सोमलकर. ‘उत्तम बसणं : नंदिनी चिकटे.’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावातली सविता, कापूस पिकवणाऱ्या बापाची मुलगी, शिकतेय, परीक्षा द्यायच्यात, आणि घरात एकामागून एक पाहुणे येतायत. पोहे, चहा, मग तिला बोलावणं. पुरुषांच्या त्या अर्धवर्तुळासमोर ती येऊन बसते. प्रत्येक वेळी तेच प्रश्न, तीच उत्तरं, आणि प्रत्येक वेळी तिचं बसणं थोडं निराळं. पहिल्यांदा पाठ ताठ आहे. पुढे पुढे खांदे आत येतात, मान तेवढीच खाली जाते पण नजर कुठेतरी जमिनीच्या आरपार निघून जाते. ती मुलगी आधी कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली नव्हती, गावातली माणसंही तिथलीच. मला वाटतं, असं बसणं शिकवून येत नाही. ते बघून बघून अंगात उतरलेलं असतं, आईचं, काकूचं, शेजारच्या ताईचं.

माझंही आहे ते. मला चार स्थळं बघून गेली. तिसऱ्या वेळी आलेल्यांमधल्या एका वयस्कर गृहस्थांनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, जरा मोठ्यानं वाचून दाखव. डोळे तपासायचे होते की जीभ, मला आजवर कळलेलं नाही. माझ्या हाताला आलेलं पान सिनेमाच्या जाहिरातींचं होतं. मी वाचायला लागले. अमुक थिएटर, रोज तीन खेळ, शनिवार-रविवार चार खेळ, आगाऊ आरक्षण चालू. खोलीत सगळे गप्प होते, पंखा तेवढा फिरत होता. साडी नेसवताना मामीनं खोचलेली पिन कमरेला टोचत होती, आणि मी पान संपेपर्यंत वाचत राहिले. ते स्थळ जमलं नाही. आप्पा त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. मग पंचवीस-तीस वर्षांनी ही वही माझ्याकडे आली, मी एकेक पान उलटत गेले, आणि त्या सालच्या ‘यंदाचं उत्तम’मध्ये अगदी तळाशी, सगळ्या सिनेमांच्या खाली एक ओळ सापडली. ‘उत्तम वाचन : आमची कुंदा, बैठकीच्या खोलीत.’

हे इथवरच असतं तर बरं होतं. पण ‘स्थळ’ बघताना मला राहून राहून दुसरीच खोली आठवत होती. भावासाठी मुलगी बघायला आम्ही येवल्याला गेलो होतो. तेव्हा मी त्या बाजूला बसले होते, पोह्यांची बशी मांडीवर घेऊन. आणि समोर मान खाली घालून बसलेल्या मुलीला मीच विचारलं होतं, स्वयंपाक येतो ना सगळा? माझ्याच तोंडून. स्वतः चार वेळा तिथे बसून आल्यावर. सिनेमाच्या सुरुवातीला सविताला स्वप्न पडतं, त्यात बायका ओळीनं बसून एका मुलाला प्रश्न विचारतात. थिएटरात सगळे हसले. मला हसता आलं नाही. घरी येऊन वहिनीला फोन केला, ते आठवतं का तुला म्हणून विचारलं. ती म्हणाली, “आठवतं ना ताई. तुम्ही विचारलंत, आणि मी हो म्हटलं. तेव्हा मला धड भातही लावता येत नव्हता.” मग थोडं थांबून म्हणाली, “नाही म्हटलं असतं तर आईनं घरी गेल्यावर मारलं असतं.” दोघीही जराशा गप्प होतो फोनवर. तीस वर्षं एका घरात सणवार केले आणि ही गोष्ट आमच्यात पहिल्यांदा निघाली, ती चंद्रपूरकडच्या एका मुलीमुळे.

पुढच्या दोन नोंदी लवकर लिहून झाल्या. ‘आता थांबायचं नाय!’मधल्या महापालिकेच्या चतुर्थ श्रेणी कामगारांच्या रात्रशाळेसाठी ‘उत्तम दप्तर’. दिवसभर गटारात उतरून आलेली माणसं बाकावर बसून पेन धरतात तेव्हा ते पेन बोटांत मावत नाही, एवढ्यासाठीच. आणि रीमा कागतींच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’साठी ‘उत्तम दोस्ती’. मालेगाव आमच्या मनमाडहून तासाभराच्या अंतरावर. तिथल्या गल्ल्यांमधली यंत्रमागांची खटखट मी लहानपणी मावशीकडे जाताना ऐकलेली आहे, बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. नासिर शेख आणि त्याच्या दोस्तांनी तिथे सिनेमे काढले, मागावर काम करणाऱ्या शफीकला सुपरमॅन केलं, हे सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातलं आवडलं ते एवढंच की मरायला टेकलेल्या मित्रासाठी काय करायचं, तर त्याला हिरो करायचं, असं त्या पोरांना वाटलं. आणि त्यांनी ते केलं.

‘दशावतार’पाशी मात्र बराच वेळ गेला. दिलीप प्रभावळकर १९४४चे. आप्पाही १९४४चे. एक्क्याऐंशी वर्षांचा नट कोकणच्या रानात, पावसापाण्यात, अंगावर ते सगळं ओझं वागवत दशावतारी नट बाबुली मेस्त्री उभा करतो, हे सगळीकडे लिहून आलंय आणि ते खरंच आहे. पण मी लिहिलं, ‘उत्तम चाचपडणं’. बाबुलीची नजर अधू होत चाललीय. मुलगा म्हणतो, आता रंग लावणं बंद करा. आणि म्हातारा ऐकत नाही, कारण तोंडाला रंग लागला नाही तर तो कोण, हे त्याला स्वतःलाच सांगता येणार नाही. प्रभावळकर डोळे कुठे मिटत नाहीत की ओढून ताणून आंधळेपणा दाखवत नाहीत. वस्तूकडे हात जातो, तो वस्तूच्या जरासा अलीकडे थांबतो, आणि मग बोटं पुढचा रस्ता शोधतात. एवढंच. त्या जरासा अलीकडे थांबण्यात सगळं आलं.

आप्पांच्या नोकरीत डोळ्यांची तपासणी व्हायची, ठरावीक वर्षांनी. ती तारीख जवळ आली की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. आई गाजराची कोशिंबीर करायची, पहाटे उठून त्यांना दवावर चालायला पाठवायची. आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं लांबून वाचायचा सराव करायचे. एकादशी, संकष्टी, अमावास्या. नजर गेली तर केबिन गेली, आणि दुसरीकडे कुठेतरी हलकं काम. ‘दशावतार’च्या उत्तरार्धात कथा सूडाकडे वळते, आवाज वाढतो, आणि मला वाटतं तिथे सिनेमा आपल्याच नटाच्या हाताला घाई करतो. खाणीसाठी रान उठवणाऱ्यांचा राग मलाही आहे, पण बापलेक घरात बसून एकमेकांशी मालवणीत भांडतात, जेवतात, पुन्हा भांडतात, त्या पहिल्या तासासाठी मी आणखी तीनदा तिकीट काढीन.

एक नोंद दरवर्षी आप्पा पानाच्या समासात उभी लिहायचे, गेलेल्यांची. यंदा समास पुरला नाही. ४ ऑक्टोबरला ‘पिंजरा’तल्या संध्या गेल्या, तेव्हा मी १९७२चं पान पुन्हा काढलं. ‘उत्तम पडझड : मास्तर’च्या खाली आप्पांनी नंतर कधीतरी वेगळ्या शाईत जोडलंय, ‘पण पाडणारी पण तेवढीच उत्तम’. नोव्हेंबरात धर्मेंद्र गेले. आईला मी फोनवर सांगितलं. तिला आता सगळं आठवत नाही, पण ती म्हणाली, “तुझ्या आप्पांपेक्षा तोच देखणा होता,” आणि मग, “आप्पांना सांगू नको.”

‘होमबाउंड’ची नोंद मी तीनदा खोडली. नीरज घायवान यांचा सिनेमा, सप्टेंबरच्याच अखेरीस लागला. गावाकडचे दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान, पोलिसभरतीची स्वप्नं, मग सुरतेची गिरणी, मग टाळेबंदी आणि चालत घर गाठण्याची ती वाट. मे २०२०मधला तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे, रस्त्याच्या कडेला मित्राचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला मुलगा. बशारत पीर यांच्या त्यावरच्या लेखातून हा सिनेमा आला. त्यात दोघांपैकी चंदनच्या आईच्या भेगाळलेल्या टाचा आहेत. मुलाला वारशात आईच्या टाचा मिळाल्या, दुसरं काही नाही. माझी आई हिवाळ्यात पळीमध्ये कोकमतेलाचा तुकडा वितळवायची आणि गरम गरम थेंब आजीच्या टाचेच्या भेगांत सोडायची. आजी दात आवळून ‘हुं’ करायची. तो वितळलेल्या तेलाचा आंबूस वास थिएटरात माझ्या नाकात आला, अगदी खरा. शालिनी वत्स त्या आईच्या भूमिकेत फार बोलत नाहीत. मुलाच्या नोकरीच्या पत्राची वाट बघणारं घर असतं तसं त्यांचं तोंड आहे, दाराकडे वळलेलं.

मी लिहिलं, ‘उत्तम टाचा’, आणि खोडलं. टाळेबंदीच्या त्या वर्षी, ८ मेच्या पहाटे, जालन्याहून निघालेली सोळा माणसं करमाडजवळ रुळांवर झोपेत मालगाडीखाली गेली. भुसावळला गाडी मिळेल म्हणून चालत होती. रेल्वे बंद आहे तर रुळावरून काही येणार नाही, असं त्यांना वाटलं असणार. रुळांमध्ये पडलेल्या पोळ्यांचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात होता. ती लाइन पुढे आमच्या मनमाडलाच येऊन मिळते. आप्पा तेव्हा नव्हते. ते नव्हते याचं मला त्या एकाच दिवशी बरं वाटलं. मालगाडी पूर्ण आली की नाही हे शेवटच्या डब्यावरून कळतं, पण ती कुणावरून आली हे तिथून दिसत नाही. अशा गोष्टीपुढे ‘उत्तम’ हा शब्द लिहायचा तरी कसा? आणि घायवान यांनी, त्या नटांनी, ज्या कुणी त्या आईच्या पायांचा रंग केला असेल त्यांनी, हे इतक्या मायेनं करून ठेवलंय की न लिहिणंही जिवावर येतं. शेवटी मी नुसतं ‘टाचा’ लिहिलं. पुढे काही नाही. हे असंच राहू दे.

आता उरली ती कोऱ्या शेऱ्याची नोंद.

‘साबर बोंडं’ रोहन परशुराम कनवडे यांचा. जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला मोठं पारितोषिक मिळालं, तिथे पोचलेला हा पहिलाच मराठी सिनेमा, ते सगळं वाचलेलं होतं. मी गेले ते सिनेमाच्या नावासाठी. मनमाडच्या बाहेर रेल्वेच्या हद्दीला फड्या निवडुंगाचं कुंपण होतं. उन्हाळ्यात त्याला लाल बोंडं लागायची. ती हातानं तोडायची नाहीत, चिमट्यानं किंवा दोन काटक्यांत धरून तोडायची, मातीत घोळायची, पायातल्या चपलेनं घासायची, तरी एखादं कूस जिभेत जायचंच. ते दिसत नाही, निघत नाही, दोन दिवस जिभेला लागत राहतं. आणि आत गर असा की बोटं, ओठ, दात सगळं जांभळंलाल. घरी लपवता यायचं नाही. सिनेमातला आनंद वडिलांच्या दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी येतो, तिथे जुना मित्र बाळ्या त्याच्यासाठी ही बोंडं घेऊन येतो, काटे काढून. दोन पुरुषांचं प्रेम आहे ते, आणि ते असंच आहे, कुणीतरी आपल्यासाठी आधीच काटे काढून ठेवलेलं. भूषण मनोज आणि सूरज सुमन ते इतक्या धीमेपणानं करतात की आपणच श्वास हळू घ्यायला लागतो. आणि जयश्री जगताप यांची आई. तिला मुलाचं सगळं माहीत आहे, आणि ती त्याबद्दल भाषण करत नाही. भाऊबंद लग्नाचं काढतात तेव्हा ती मधे येऊन उभी राहते, जसं उन्हात लेकराच्या अंगावर सावली पडेल असं उभं राहावं.

आप्पांचे दहा दिवसही आम्ही गावच्या घरीच केले. मला ते शब्दांत आठवतच नाहीत, आवाजांत आठवतात. पितळी घंगाळ ओढल्याचा आवाज. कुणी आलं की आतून उठणारं बायकांचं रडणं आणि ते खाली बसलं की लगेच सुरू होणारी कांद्याच्या भावाची बोलणी. दुपारी सगळे आडवे झाले की पत्र्यावर टकटक करणारी चिमणी. दहाव्या दिवशी पिंडाकडे बघत तळहातावर तळहात ठेवून उभ्या चाळीस माणसांचं ते एकदम गप्प होणं, कावळा येईस्तोवर. आणि त्या गप्प होण्यात खूप लांबून, आठ-दहा किलोमीटरवरून असेल, गाडीची शिट्टी. भावानं माझ्याकडे बघितलं होतं. आम्ही दोघांनीही मनातल्या मनात शेवटच्या डब्याची वाट बघितली. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं वाटायचं. आणि कनवडे यांच्या सिनेमात ते होतं, तीच आडवी झालेली दुपार, तीच कुजबुज, वडील नसलेल्या घराचा तोच आवाज. त्यांना हा सिनेमा स्वतःच्या वडिलांच्या दहा दिवसांत सुचला, हे मला नंतर कळलं. विकास उर्स यांचा कॅमेरा कोपऱ्यात बसलेल्या नातेवाइकासारखा हलत नाही, त्यामुळे कानांना काम करावं लागतं. नोंद माझी ठरलेली होती, थिएटरातच ठरली होती. ‘उत्तम शांतता.’ फक्त कुणाची, ते लिहायचं होतं. आणि शेरा.

दुसऱ्या आठवड्यात त्याच थिएटरात त्याचा एकच खेळ उरला होता, सकाळचा. मी पुन्हा गेले. वही पिशवीत सोबत घेतली. खेळ सुरू व्हायच्या आधी तो मुलगा दारापाशी उभा दिसला. मी त्याला म्हटलं, बाळा, आज नावं संपेपर्यंत दिवे लावू नका ना. त्यानं मला ओळखलं. म्हणाला, “माझ्या हातात नाही हो मॅडम. वरून सेट केलेलं असतं, आपोआप लागतात.” त्याच्या चेहऱ्यावर खरीच अडचण होती. मी म्हटलं, बरं.

या वेळी आम्ही पाच जण होतो. सिनेमा संपला, दिवे लागले, चौघं उठले. मीही उठले, पण दाराकडे गेले नाही. पायऱ्या उतरून अगदी पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिले. तिथून अक्षरं मोठी दिसत होती, फिकी असली तरी वाचता येत होती. आणि दिवे लागलेले होते म्हणून वहीत लिहिताही येत होतं, काळोखात ते जमलं नसतं. मी आप्पांसारखीच ओठ हलवत वाचत होते. ध्वनी, अनिर्बाण बोरठाकूर, नरेन चंदावरकर. लिहून घेतलं. नावं पुढे सरकत राहिली. किती माणसं लागतात एका गावाची दुपार ऐकवायला. मागून पावलं आली. मुलगा माझ्यापासून दोन हातांवर येऊन उभा राहिला, पिशवी त्यानं खाली ठेवली होती. तोही वर बघत होता.

“ओळखीचं आहे का कुणी?” त्यानं हळूच विचारलं.

“नाही.”

त्यानं मान हलवली आणि बघत राहिला. शेवटी बारीक अक्षरांतल्या ओळी आल्या, मग एक-दोन चिन्हं आणि मग काहीच नाही. पडदा नुसता राखाडी. मी वही खुर्चीच्या हातावर टेकवली, पाचव्या रकान्यात ‘पूर्ण’ लिहिलं आणि टोपण लावलं.

“आता झाडू का?” तो म्हणाला.